डब्यावर एक नाव, आत दोन कार्डं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नवा संगणक जुळवण्यावर अख्खं पान होतं. वाचलं, आवडलंही. पण त्यातल्या नुसत्या ग्राफिक्स कार्डाच्या (पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या सुट्या भागाच्या) किमतीत माझ्यासारखे दोन संगणक आले असते. ज्यांचं मशीन दहा-बारा वर्षांचं आहे आणि फक्त कार्ड गेलं आहे, त्यांच्यासाठी त्या पानात एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र.

मी इंदुरात रामबागेत राहते आणि घरूनच डीटीपी करते. लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका. मशीन २०१३ चं, प्रोसेसर आय-फाइव्ह ३४७०. बदलत नाही, कारण माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, श्रीलिपी, जुनं, डाँगलवर म्हणजे मशीनला खोचायच्या किल्लीवर चालणारं. नव्या मशीनवर ते रुसलं तर ऐन लग्नसराईत मी काय करू?

मार्चमध्ये पडद्यावर आडव्या रेघा आल्या, दोन दिवसांनी पडदाच काळा. मेकॅनिक आला, पंखा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गया आंटीजी, नया ले लो." पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, आधी कार्डाचा स्क्रू काढ, कार्ड बाहेर ओढ आणि मॉनिटरची निळी पिन सरळ बोर्डाला लाव." लावली, तर मशीन चालू! गेलं होतं ते जीटी ६१० कार्ड. बोर्ड ठणठणीत, आणि प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स आहेच, पत्रिकांना पुरून उरेल एवढं. ज्यांचं काम टायपिंग, कोरल आणि बँकेची साइट एवढ्यावर भागतं, त्यांनी इथेच थांबावं आणि वाचलेल्या पैशांची सराफ्यात जाऊन जिलबी खावी.

माझं भागत नव्हतं. हल्ली पत्रिका छापण्याआधी लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला व्हिडिओ हवा असतो, गणपती, सनई, मग नावं. दोन मिनिटांचा व्हिडिओ तयार व्हायला माझ्या मशीनवर तेवीस मिनिटं. तेवढ्यासाठी कार्ड घ्यायला आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये गेले. दुकानदाराने जीटी १०३० दिलं. दोन जीबी, नवा डबा, पाच हजार आठशे. घरी आणून लावलं. व्हिडिओला तेवीसच मिनिटं.

भाच्याने जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला आणि त्यात 'मेमरी टाइप' वाचायला सांगितलं. मी वाचलं, डीडीआर ४. फोनवर मिनिटभर शांतता. मग कळलं ते असं: १०३० पहिल्यांदा २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यात जीडीडीआर ५ मेमरी होती, सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहणारी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर ४ वालं आलं, ते वाहतं १६.८ जीबी. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. नाव तेच आणि 'दोन जीबी'ही तेच. बारीक अक्षरं डब्याच्या मागच्या बाजूला. दुधात पाणी घातलेलं निदान रंगावरून तरी कळतं.

आता माझीही चूक सांगते. मेमरी चांगली मिळाली असती तरी माझी तेवीस मिनिटं कमी झालीच नसती. व्हिडिओ तयार करणारा, म्हणजे एन्कोड करणारा भागच १०३० मध्ये नाही, दोन्हींत नाही. ते कार्ड फक्त व्हिडिओ दाखवायला मदत करतं. रेडिऑन ह्या दुसऱ्या ब्रँडच्या आरएक्स ६४०० कार्डाचंही तेच. "व्हिडिओ के लिए चाहिए" एवढंच मी म्हणाले होते. बघायला की बनवायला, हे ना त्याने विचारलं ना मी सांगितलं.

परत गेले. बिलावर लिहिलेलं: 'ग्राफिक कार्ड २ जीबी, नग १', आणि खाली छापील, 'बिका हुआ माल वापस नहीं होगा'. मी म्हटलं, भैया, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, सदोष माल परत न घेणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. तो म्हणाला, माल सदोष नाही, १०३० मागितलं, १०३० दिलं. आणि ह्यात त्याचं चूक तरी काय काढणार? बिलावर 'जीडीडीआर ५' असं लिहून घेतलं असतं तर माझ्या हातात काही असतं. शेवटी पाचशे रुपये कापून त्याने बदलून द्यायचं कबूल केलं.

बदल्यात आधी समोर आलं वापरलेलं आरएक्स ५८०. दिसायला मोठं, दोन पंखे. पण त्याला १८५ वॉट लागतात आणि एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी आठ पिनांची वायर. माझा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला! कार्ड बसतं तो बोर्डाचा स्लॉट ७५ वॉटच देतो, त्यामुळे वायर न लागणारं कार्डच माझ्या कामाचं. मग निघालं 'सीलबंद' जीटीएक्स १०५० टीआय, भलतंच स्वस्त. भाच्याने व्हिडिओ कॉलवर मागची बाजू दाखवायला सांगितली आणि लगेच म्हणाला, "ठेव खाली." त्यावर निळं व्हीजीए, म्हणजे माझ्या मॉनिटरच्या त्या निळ्या पिनेची जागा होती. खऱ्या १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नलच निघत नाही. जुन्या चिपला नवं नाव चिकटवून अशी कार्डं विकतात. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावाआधी चक्क 'फेक' लिहितो.

अखेर वरचे पैसे भरून नवं जीटीएक्स १६५० घेतलं, वेगळी वायर न लागणारं. (ह्यातही सहा पिनांची वायर मागणारी असतात, बघून घ्यावं.) ह्या खेपेला कॅबिनेटच रिक्षात घालून नेलं, दुकानातच लावून पाहिलं, मगच पैसे दिले. व्हीजीएची वायर जोडायचं माझं जुनं कनेक्टर मात्र ह्या कार्डाच्या डीव्हीआयमध्ये (मॉनिटर जोडायच्या दुसऱ्या प्रकारच्या खाचेत) शिरेना, कारण चपट्या पिनेभोवतीची चार छिद्रं त्यात नाहीतच. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं डबडं वेगळं घ्यावं लागलं, साडेतीनशेचं.

संपादक महाशय, पुढच्या वेळी त्या पानाचा चौथा भाग जुन्या मशीनवाल्यांना द्या. आणि दुकानदारांना माझी एकच विनंती: बिलावर मेमरीचा प्रकार लिहीत चला. दोन शब्द जास्त लिहावे लागतील. माझ्या नव्या बिलावर मी ते लिहून घेतलेत, जीडीडीआर ५, चार जीबी, सहीशिक्क्यासकट. व्हिडिओला आता नऊ मिनिटं लागतात.

आपली,
एक डीटीपीवाली,
रामबाग, इंदूर