‘तलवार’वरच्या पोरांनी पुढारी निवडले

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने लिहिलं होतं, की क्रांतीला एक कणखर नेता लागतो, तो नसेल तर लोक म्हणजे नुसती झुंड. ते पत्र मी दोनदा वाचलं. मुंबईत राहणाऱ्या माणसाने असं लिहावं याचं मला फार वाईट वाटलं, कारण या शहरात १९४६ च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांच्या आरमारातल्या हिंदी नाविकांनी उठाव केला, तेव्हा जे घडलं ते नेमकं याच्या उलट होतं.

मी नेव्हल डॉकयार्डात ३४ वर्षं फिटर होतो. रोज लायन गेटमधून आत जायचो. तिथेच आयएनएस आंग्रे आहे, त्याला तेव्हा कॅसल बॅरेक्स म्हणत. मी कामाला लागलो त्या आठवड्यात वडील मला म्हणाले, ‘त्या भिंतीआड आपल्या पोरांनी गोऱ्या सोजिरांशी बंदुकीने सामना केलाय, तिथून जाताना पान थुंकू नकोस.’ वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. शाळा चौथीपर्यंत. पण त्या पाच दिवसांची गोष्ट ते तारखांसकट सांगायचे.

१८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या आरमाराच्या सिग्नल शाळेत नाविकांनी जेवण नाकारलं. निमित्त नासक्या जेवणाचं आणि तिथला गोरा प्रमुख कमांडर किंग याच्या शिवीगाळीचं. आधीच बी. सी. दत्त या नाविकाला भिंतीवर ‘भारत छोडो’ लिहिल्याबद्दल पकडलं होतं, त्याचाही राग होताच. दुसऱ्या दिवशी संप बंदरातल्या जहाजांवर पसरला. पुढे एकूण ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २० हजार नाविक त्यात उतरले. यांना कोणी पुढारी नेमून दिला नव्हता. त्यांनी मध्यवर्ती संप समिती स्थापन केली, एम. एस. खान या सिग्नलमनला अध्यक्ष आणि मदनसिंग या तारायंत्रवाल्याला उपाध्यक्ष केलं. एक मुसलमान, एक शीख, दोघेही तरुण. मागण्यांत चांगलं जेवण आणि गोऱ्या खलाशांइतका पगार होता, आणि त्याच कागदावर आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौज माघारी घेणं हेही होतं. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा असे तीन झेंडे एकत्र चढले. ही झुंड नव्हे. ज्यांना अर्ज करायचीही मुभा नव्हती, अशा माणसांनी दोन दिवसांत उभी केलेली सभा होती ती.

२१ तारखेला कॅसल बॅरेक्सवर गोळीबार झाला. आरमाराचा प्रमुख व्हाइस अॅडमिरल गॉडफ्रेने रेडिओवरून दम दिला, की गरज पडली तर सगळं आरमार नष्ट करू. त्या दिवशी गेटवेवर लोक नाविकांसाठी दूध, पाव, फळं घेऊन आले होते. फोर्टातल्या हॉटेलात कामाला असलेला आमचा एक गाववाला तिथे होता. वडिलांना ही बातमी त्यानेच रात्री चाळीत येऊन सांगितली.

२२ तारखेला गिरणगाव बंद झालं. कम्युनिस्ट पक्षाने हाक दिली होती, काँग्रेस आणि लीग दोघांचाही बंदला विरोध होता. तरी सुमारे ३ लाख कामगार बाहेर पडले. वडील पक्षाचे नव्हते. त्यांना विचारलं, की मग तुम्ही का गेलात? ते म्हणायचे, पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि जिन्यावर कोणाच्याच चपला वाजल्या नाहीत, तेव्हा मला कळलं आज जायचं नाही. दुपारी लष्कराच्या लॉऱ्या आल्या आणि वस्तीत गोळ्या सुटल्या. परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्यांच्या सोबतीण कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. आमच्या चाळीतला तळमजल्यावरचा एक माणूस दूध आणायला गेला तो परत आला नाही. सरकारी हिशेबानेच त्या दिवसांत मुंबईत २२८ नागरिक मेले.

वडील जे कधी विसरले नाहीत ते यापुढचं. सरदार पटेल मुंबईत होते. त्यांनी नाविकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं आणि कोणावर सूड घेतला जाणार नाही, असं आश्वासन दिलं. जिनांनीही मुसलमान नाविकांना तेच सांगितलं. २३ फेब्रुवारीला समितीने शरणागती पत्करली. आम्ही ब्रिटिशांपुढे नव्हे, हिंदुस्थानापुढे शरण जातोय, असं सांगून. पुढे काय झालं? पोरांना धरून मुलुंडच्या छावणीत डांबलं, शेकडोंना नोकरीतून काढून गावची तिकिटं हातात दिली. स्वातंत्र्य आल्यावर त्यांना ना भारताच्या आरमारात परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.

सरदारांची बाजू मला समजते. १९ फेब्रुवारीलाच कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला ब्रिटिश मंत्र्यांचं मंडळ, येणार हे जाहीर झालं होतं, सत्ता बोलणीतून मिळायची होती, आणि उद्याच्या स्वतंत्र देशालाही शिस्तीचं सैन्य लागणार, ही त्यांची काळजी होती. गांधीजींनीही या उठावाला मान्यता दिली नाही. समाजवादी पुढारी अरुणा असफअली मात्र म्हणाल्या होत्या, की हिंदू-मुसलमानांना राज्यघटनेच्या मुद्द्यावर एकत्र आणण्यापेक्षा लढाईच्या तटबंदीवर एकत्र आणणं मी पसंत करीन. गांधीजींचं उत्तर होतं, की लढाईच्या तटबंदीवर माणसं कायम राहत नाहीत, शेवटी घटनेकडे यावंच लागतं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण दीड वर्षात देशाची फाळणी झाली आणि त्या तीन झेंड्यांखाली एका ताटात जेवलेली पोरं दोन देशांत वाटली गेली, हे आठवलं की मला अरुणाबाईंचं म्हणणं जवळचं वाटतं. सत्ता हाताशी आली की मोठ्या पुढाऱ्यांना रस्त्यावरच्या माणसाची अडचण होऊ लागते. हा माणसांचा दोष कमी आणि खुर्चीच्या जवळिकीचा जास्त, असं मला वाटतं.

मी स्वतः युनियनमध्ये वीस वर्षं होतो. एका वेळी आमच्या वतीने पुढाऱ्यांनी आत बसून करार केला आणि आम्हाला तो गेटवरच्या फलकावर वाचायला मिळाला. करार वाईट नव्हता. पण त्या दिवसानंतर गेटसभेला माणसं येईनात. तेव्हा मला वडिलांची गोष्ट खऱ्या अर्थाने कळली. खान आणि मदनसिंग यांनी हार मानली तीही समितीच्या बैठकीत, रात्रभर वाद घालून. नेतृत्व म्हणतात ते मला त्या बैठकीत दिसतं.

कुलाब्यात त्या उठावाचं स्मारक आहे, नाविकाचा पुतळा आहे, त्याबद्दल नौदलाला सलाम. परळ-लालबागमध्ये मात्र त्या दिवशी पडलेल्या माणसांच्या नावांची पाटी मला आजवर कुठे दिसली नाही. पालिकेने ती लावावी, शाळांनी २२ फेब्रुवारीला एक तास मुलांना त्याबद्दल सांगावं, अशी माझी विनंती आहे. नावं शोधावी लागतील. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे पोलिसांची, इस्पितळांची जुनी कागदपत्रं चाळता येतील. माझं वय पंचाहत्तरच्या पुढे आहे, जिने जपून चढतो. तरी कोणी तरुण सोबत आला तर मी रोज यायला तयार आहे. मला निदान आमच्या तळमजल्यावरच्या त्या माणसाचं पूर्ण नाव शोधायचं आहे. वडील त्याला नुसतं ‘बापू’ म्हणायचे.

आपला,
नेव्हल डॉकयार्डातील एक निवृत्त फिटर
लालबाग, मुंबई