आईसाठी बुलेटवर जागा करून देणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री मामा, सादर नमस्कार.

नाव कुठं लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. उद्यमनगरात तुमच्या शेडवर ज्यांचं येणंजाणं आहे, त्यांना ओळख पटेल. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र.

माझी बुलेट 1984 ची. ओतीव लोखंडाचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. चार वर्षांपूर्वी मी तिचा मागचा सांगाडा कापून घेतला, आखूड मडगार्ड टाकलं आणि एकट्यापुरती स्प्रिंगची सीट बसवली. दिसायला देखणी झाली. तेव्हा आई चालतीफिरती होती. मग तिचा गुडघा गेला, एसटीची पायरी चढवेना, आणि जोतिबाचा रविवार चुकायला लागला. तिनं मागितलं काहीच नाही. एकदाच म्हणाली, "तुझ्या गाडीला मागं जागाच न्हाई की रं."

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका गॅरेजात गेलो होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी चार बोल्ट मारून मडगार्डवरच गादी बसवली. एका संध्याकाळचं काम. नशीब, आधी मित्राला बसवून रंकाळ्याला फेरी मारली. खड्ड्यात टायर मडगार्डला घासल्याचा आवाज आला. उतरून बघितलं तर बोल्टच्या भोकापासून पत्र्याला केसाएवढी चीर गेलेली. मडगार्ड चिखल अडवायला असतं, माणसाचं वजन पेलायला नव्हे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. त्या जागी आई असती तर, हा विचार अजून अंगावर येतो.

तुम्ही गाडीकडे बघितलंत आणि म्हणालात, "आईंना घिऊन ये. त्या कशा बसत्यात बघितल्याबिगर मी पाइप कापायचा न्हाई."

मामा, खरे आभार या वाक्याचे आहेत. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, फळी टेकवून, दोघांनी धरून तुम्ही आईला बसवलंत आणि खडूनं खुणा केल्यात. ती एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडे टाकून बसते. या बुलेटची चेनही डावीकडेच. तिच्या साडीचा काठ तुम्ही नुसता बोटानं दाखवलात, तो बरोबर चेनवर लोंबत होता. मागं माणूस बसवायचा तर धरायला पक्की दांडी, पायाला आधार आणि निम्मं तरी चाक झाकणारं गार्ड हवं, असं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ते मी नंतर वाचलं. तुमच्या खडूच्या खुणांत ते तिन्ही आधीच होतं.

मग तुम्ही दोन्ही शॉकअप काढून मागचं चाक हातानं पार वर उचललंत. पूर्ण दाबल्यावर टायर कुठवर येतो ते बघून, त्याच्यावर दोन बोटं मोकळी सोडून नव्या सांगाड्याची उंची ठरवलीत. कापलेल्या पाइपांची तोंडं नुसती एकमेकांना जोडली नाहीत. आत घट्ट बसणारा दुसरा तुकडा सरकवलात, बाहेरच्या पाइपला भोकं पाडून तो आधी तिथं वेल्ड केलात आणि मगच सांधा गोल भरलात. त्याआधी टाकी उतरवलीत, बॅटरीची वायर काढलीत, वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा सांध्याला लागून लावलात, कारण करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं. एवढं समजावून सांगत काम करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

फूटरेस्ट मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर (स्विंगआर्मवर) लावणं सोपं होतं. पण चिमटा चाकाबरोबर वरखाली होतो, मग दुखऱ्या गुडघ्याला प्रत्येक खड्डा लागणार. तुम्ही तो सांगाड्यावर घेतलात, आणि दोन्ही पावलं मावतील एवढा रुंद केलात.

सीटला मी कातड्याचा हट्ट धरला होता. कोल्हापुरात राहून रेक्झिन कशाला, असं मला वाटायचं. कातडं पावसाचं पाणी धरून ठेवतं, चार महिने आईला ओल्यावर बसवणार काय, असं तुम्ही विचारलंत आणि मी गप्प बसलो. खाली घट्ट फोम, वर मऊ, आणि घाट चढताना ती मागं सरकू नये म्हणून मागची कड दोन बोटं उंच. ती कड माझ्या डोक्यात कधीच आली नसती.

गेल्या रविवारी आम्ही जोतिबाला जाऊन आलो. निघताना मागच्या चाकात हवा थोडी वाढवली, स्प्रिंग थोडी कडक व्हावी म्हणून शॉकअपची कॉलर एक खाच चढवली, तुम्ही सांगितलं तसं. आईच्या डोक्याला हेल्मेट, एक हात दांडीला, एक माझ्या खांद्यावर. घाटात ती काही बोलली नाही म्हणून मी घाबरून हळू केली, तर म्हणाली, "थांबतोस कशाला? चल की." येताना गुलालाचा हात नव्या सीटला लागलाय. तो मी अजून पुसलेला नाही.

दोनशे किलोमीटर झाले की बोल्ट आवळायला ये म्हणाला होतात. एकशे साठ झालेत. पुढच्या आठवड्यात येतो, आईलाही घेऊन येतो. खोबऱ्याच्या वड्या तुमच्या हातातच द्यायच्या असं ती म्हणते.

तुमचा,
बुलेटवाला पोरगा