खिडक्या काढल्या, विन्या

डोंबिवली पूर्व
२२ जून २०२५

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर हे पहिलंच पत्र, तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. मधे तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मंगलने "ते आंघोळीला गेलेत" म्हणून सांगितलं. दुपारी चार वाजता कोण आंघोळ करतं, हे तुला कळलं असणारच. मी शेजारीच बसलो होतो. बोलायचं धाडस होत नव्हतं. खिडक्या काढल्या रे. चारही. तुझ्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः घडवलेल्या.

हे लिहून झालं, आता बाकीचं जमेल. तब्येत ठीक. साखर आहे तेवढीच आहे, गोळी एक वाढली.

गेल्या पावसाळ्यात हॉलच्या चौकटीवर खालच्या बाजूला बोट टेकवलं तर बोट आत गेलं. वाळवी. वरून ऑइलपेंटचा पापुद्रा शाबूत आणि आत नुसता भुसा. बेडरूमच्या झडपा पावसात फुगायच्या, उन्हाळ्यात खुळखुळायच्या. मंगल दहा वर्षं मागे लागली होती, मी दहा वर्षं 'बघू' म्हणत होतो. तू म्हणशील, खालचं लाकूड तेवढं बदलायचं. मग सुतार दाखव मला! इथे सुतार म्हणून जो येतो तो प्लायला सनमायका चिकटवतो. रंधा दाखवला तर विचारेल, हे कुठे चार्ज करायचं?

तीन जण येऊन बघून गेले. एक ॲल्युमिनियमवाला, एक यूपीव्हीसीवाला. दुसऱ्याने पिशवीतून चौकटीचा कापलेला तुकडा काढून दाखवला, पांढऱ्या प्लास्टिकच्या पोटात लोखंडी पट्टी असते. ती आहे की नाही हे कापल्याशिवाय कळत नाही, असं तो स्वतःच म्हणाला. तिसरा मला सर्वांत आवडला होता. "जुनी चौकट काढूच नका, तिच्या आतच नवी बसवतो. ना तोडफोड, ना धूळ." खरं सांगतो, तुझ्यासाठी मी मनात होकार दिला होता. अण्णांची चौकट भिंतीत राहिली असती आणि हे पत्र लिहायची वेळ टळली असती. पण तसं केलं की खिडकी चारही बाजूंनी बारीक होते, उजेड कमी होतो आणि नव्याचा सगळा भार त्या भुशावर. दोन वर्षांनी दोन्ही काढायची वेळ आली असती.

दर सांगतात चौरस फुटाचा. त्या दरात काय नसतं ते हप्त्याहप्त्याने कळतं. १८ टक्के जीएसटी वेगळा, जुनं तोडायचे वेगळे, डेब्रिजच्या गोण्या तीन जिने उतरवायचे वेगळे, कडेचा ग्रॅनाइट वेगळा, मच्छरजाळी वेगळी, जाड काच वेगळी. शेवटी मी विचारलं, बाबा, खिडकी तरी धरली आहेस ना? सोसायटीची परवानगी हे तर आणखी एक पुराण. बाहेरून रंग एकच दिसला पाहिजे म्हणून सेक्रेटरी शेड कार्ड घेऊन गच्चीवर गेले. त्यावर भेटीत बोलू.

आता मुद्द्यावर येतो. माप घ्यायला यूपीव्हीसीवाल्याचा पोरगा आला, पंचविशीचा असेल. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, वर कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरकी मापं. सगळ्यांत लहान माप धरायचं आणि त्यातूनही थोडी फट सोडायची, म्हणजे नवी चौकट त्या भोकात हलवून ओळंब्यात, अगदी सरळ उभी, आणता येते. तो समजावत होता आणि मी 'हो हो' करत होतो. मग त्याने खिशातून लेसर काढून स्टुलावर ठेवला. हॉलच्या खिडकीवर खालपासून वरपर्यंत हिरवी रेघ उभी राहिली. पोरगा दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "काका, चौकट एकदम ओळंब्यात आहे. भिंत आउट आहे. चार फुटांत पाऊण इंच."

विन्या, मी त्याला ती रेघ पुन्हा पाडायला लावली. मग स्टूल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायला लावलं. तेच.

वर एक बोट, खाली दोन बोटं. आठवतं? १९७९ साली बाबांनी चौकट आणि भिंत यांच्यामधला गिलावा बोटांनी मोजून सगळ्या कमिटीसमोर ठरवलं होतं की खिडकी वाकडी बसवली आहे, आणि हिशेबातून १८० रुपये कापले होते. अण्णा एवढंच म्हणाले होते, "भाऊसाहेब, भिंत बघा." कोणी बघितली नाही. बाबा पोस्टात होते, ओळंब्याशी त्यांचा काय संबंध! पण सेक्रेटरी होते. तू मला शाळेच्या नळापाशी "तुझ्या बापाला ओळंबा कळत नाही" म्हणालास आणि मी तुझी कंपासपेटी गटारात टाकली. नववीचं अख्खं दुसरं सत्र आपण बोललो नाही. कंपासपेटीचे पैसे तू अजून मागतोस, त्या १८० रुपयांचं नाव मात्र पुन्हा कधी काढलं नाहीस. (तावदान मी फोडलं नव्हतं, हे मात्र आजही सांगतो. चेंडू तुझाच होता.)

आईच्या तेराव्याला अण्णा आले होते ते तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा डेपोत होतास. बसा म्हटलं तर बसले नाहीत. हॉलच्या खिडकीपाशी गेले, झडप एकदा उघडली, एकदा लावली, कडी घातली आणि निघाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला उकडत असेल.

तोडायला दोन माणसं आली. मला वाटलं होतं तासाभराचं काम. खालचा भाग हाताने सुटला, पण वरचा हलेना. दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, भिंतीत खोल काँक्रीटमध्ये गाडलेल्या. शेवटी चौकट मधे करवतीने कापून पहारीने उपटावी लागली, तेव्हा भिंतीचा परातीएवढा पोपडा बरोबर आला. वरचा कोपरा तोडणाऱ्याने हातोड्याने उडवायला बघितला, सांधा सुटला नाही. एक खिळा नाही रे त्यात. लाकडात लाकूड घातलेलं आणि आरपार लाकडी मेख. धूळ इतकी की चार दिवसांनी साखरेच्या डब्यात सिमेंट लागलं, डबा बंद असून.

आणि इथे मी गाढवपणा केला. नव्या काचा घरात येऊन पडल्याशिवाय जुन्याला हात लावू द्यायचा नाही, एवढं एक पाळायला हवं होतं. पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो, आपण मेअखेर मोकळे होऊ, हा माझा हिशेब. काच टफन्ड मागवली होती. ती आली एक सेंटिमीटर जास्त रुंद. म्हटलं, कापा की! कापता येत नाही म्हणे, आधी मापात कापून मग भट्टीत घालतात, नंतर हात लावला की चुरा होतो. नवी यायला चार दिवस. आणि यंदा पाऊस आला २६ मेला, मुंबईत इतक्या लवकर कधी आला नव्हता. हॉलच्या भोकाला निळं प्लास्टिक, त्यावर तुझ्या वहिनीची जुनी चादर आणि खाली मी, घमेलं घेऊन. रात्री अडीच वाजता मला अण्णा आठवले. शप्पथ.

पुढचंही ऐक. काचा बसल्या, सगळं चकाचक, आणि पुढच्या पावसात पाणी खिडकीच्या आत. बाहेरून नव्हे, रुळातून भरून आत. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळाला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, रुळात पडलेलं पाणी त्यातून बाहेर जावं म्हणून. फिटिंगवाल्याने नीटनेटकं दिसावं म्हणून सिलिकॉन फासताना तीच बुजवून टाकली होती. फुलपात्रभर पाणी रुळात ओतून बघायचं असतं, जातं का बाहेर. मला हे आधी कोणी सांगितलं नाही. अण्णांच्या चौकटीत मात्र खालच्या लाकडाच्या पोटाला पेन्सिलीएवढी खाच होती, ती मी उपटलेल्या तुकड्यावर आता बघितली. पाणी परत भिंतीकडे वळू नये, तिथेच टपकावं म्हणून. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून चहा प्यायलो, खालून कधी बघितलं नाही.

शेवटचे दहा टक्के मी अडवून धरले होते. पोरगा आला, तारेने भोकं मोकळी केली, पाणी ओतून दाखवलं. तेवढ्यात मंगल म्हणाली, "ही खिडकी वाकडी दिसतेय, बाजूची पट्टी खाली रुंद आहे बघा." पोरगा म्हणाला, "काकी, खिडकी सरळ आहे, भिंत बघा." मी आत गेलो आणि सगळे पैसे आणून त्याच्या हातावर ठेवले. मंगल विचारते, पावती घेतलीत का? घेतली.

नव्या खिडक्या चांगल्या आहेत, खोटं का बोलू. रस्त्याचा आवाज निम्मा झाला, आता पंख्याची कुरकुर ऐकू येते. पण सरकती असल्यामुळे एका वेळी अर्धीच उघडते, अर्ध्यात कायम काच. अण्णांच्या दोन्ही झडपा भिंतीपर्यंत उघडायच्या. संध्याकाळचा वारा निम्मा झाला. स्वयंपाकघरात मी हट्टाने दारासारखी उघडणारीच घेतली.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन दिवाळीनंतर म्हणत होतास, झालं की घाबरलास? प्राचीचं बाळंतपण देवरुखलाच का रत्नागिरीला? वहिनींना नमस्कार. आमसुलं पोचली, संपलीसुद्धा.

एक कबूल करायचं राहिलं. बाकी तीन चौकटी मी विकल्या. जुन्या लाकडाचा व्यापारी तोडायच्या दिवशीच दारात उभा होता, सागवान म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले, आणि मी त्या गडबडीत हो म्हणालो. हॉलची मात्र दिली नाही. वरचा आडवा तुकडा आणि एक उभा, दोन्ही सांध्यासकट आहेत, वाळवी तिथवर पोचली नव्हती. साडेचार फूट लांब. पलंगाखाली ठेवलेत, मंगलला रोज ठेच लागते. १८० रुपयांचं आज काय होतं ते मी मांडून बघितलं आणि कागद फाडून टाकला, तू घेणार नाहीस आणि मी देताना कसा दिसेन ते मला ठाऊक आहे. पण लाकूड घेशील का? एसटीच्या पार्सलात एवढं लांब चढवू देतात का, तुझ्या डेपोत विचारून कळव. नाहीतर मी गणपतीत येतो तेव्हा टपावर टाकून आणतो.

तुझा,
सुध्या

ता. क. कंपासपेटीही आणतो.