पिंजऱ्यातली चकली

सहकारनगर, पुणे
१४ डिसेंबर, मध्यरात्र उलटून गेलीय

प्रिय अव्या,

फोनवर तू विचारलंस, "झोपते का रे आता रात्रीची?" आणि तेवढ्यात तुझी एसटी लागली. म्हणून लिहायला बसलो. संक्रांतीनंतर तुझ्याकडेही कुत्र्याचं पिल्लू येतंय, तर माझी फजिती निदान तुझ्या तरी कामी येऊ दे.

आधी भांडण. "हॉलमध्ये पिंजरा ठेव, दार लाव, दोन रात्री रडेल आणि आपोआप गप्प होईल," हा सल्ला तुझाच. आणि मी गाढवासारखा ऐकला. चकली (शेपूट अस्सल चकलीसारखं वळलेलं, नाव आईने ठेवलं) सव्वाअकराला सुरू झाली. आधी कुईकुई, मग भुंकणं, मग कोल्ह्यासारखे लांब हेल. एक वाजता खालचे काका मफलर गुंडाळून दारात. भांडले असते तर बरं झालं असतं. "आजारी आहे का हो?" एवढंच विचारून गेले. दोनला आत जाऊन पाहिलं तर अंथरूण ओलं आणि तारा चावून चावून हिरडीतून रक्त. आई म्हणाली, "मुकं जनावर कोंडता, कुठे फेडाल ही पापं?" मी गप्प.

सकाळी लसीसाठी नेलंच होतं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना रडगाणं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पिंजरा ठेवलाय कुठे?" अरे, दोन महिन्यांचं पोर ते. जन्मापासून भावंडांच्या ढिगात, कुणाच्या तरी पोटावर तंगडी टाकून झोपलेलं. एकटं झोपणं म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. रडणं एकटेपणाचं होतं. पिंजरा आपला उगाच बदनाम.

त्या रात्री पिंजरा माझ्या उशाशी आणला. गादी खालीच घातली आणि झोपताना एक बोट जाळीतून आत घालून ठेवलं. तिने ते हुंगलं, थोडं चावलं, मग त्यावर हनुवटी टेकवली. दहा मिनिटांत घोरायला लागली. माझा हात बधिर झाला, पण काढायची हिंमत होईना. आता रोज थोडा थोडा पिंजरा दाराकडे सरकवतोय. हॉलमध्ये जाईल तेव्हा जाईल, घाई नाही.

ओल्या अंथरुणाचं कारण मात्र निव्वळ माझा शहाणपणा. मोठी झाल्यावरही पुरावा म्हणून ३६ इंची पिंजरा घेतला होता. एवढ्या वाड्यात ती एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात आरामात झोपायची. पिल्लू शक्यतो झोपायची जागा घाण करत नाही, पण जागा झोपण्यापुरतीच हवी: उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरता यावेत, बास. पिंजऱ्यासोबत एक सुटी जाळी आली होती. जास्तीची म्हणून मी ती माळ्यावर टाकली होती. ती आतली आडभिंत निघाली! वाढेल तशी मागे सरकवायची.

रात्रीची खरी तयारी दिवसा होते, हे मला उशिरा कळलं. दार सताड उघडं ठेवून तिचं जेवण आत ठेवायला लागलो. आधी उंबऱ्याशी, मग मध्ये, मग अगदी आत. अधूनमधून उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा गुपचूप आत टाकायचा. तिला वाटतं, तिथे चिकन उगवतं. दार लावायला सुरुवात केली तीही ती खाण्यात गुंतलेली असताना, मिनिटभरच. आणि एक पाळ, चप्पल कुरतडली म्हणून रागाने आत टाकू नकोस. ती जागा शिक्षेची झाली की सगळं मुसळ केरात. आत जाताना गळपट्टाही काढायचा, जाळीत अडकला तर फास बसतो. आईने हौसेने घुंगरू लावलं होतं, तेही दिवसापुरतंच.

आता रात्रीचं. जेवण आठला, पाणी साडेनऊनंतर उचलायचं, अकराला शेवटची शू. ठोकताळा असा की जितके महिने वय, त्यात एक मिळवला की साधारण तितके तास दम धरवतो. म्हणजे आमचे तीन. गजर अडीचचा, म्हणजे अर्धा तास जास्तच. पण झोपेत जरा जास्त धरवतं आणि अजून तरी निभावतंय. मुद्दा हा की तिने रडायच्या आधी मी उठायचं. रडल्यावर दार उघडलं तर रडलं की दार उघडतं, हे ती एका रात्रीत शिकणार. लसी पुऱ्या होईपर्यंत डॉक्टरांनी रस्त्यावर पाय टेकवायला मनाई केलीय, पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो म्हणून. त्यामुळे आमची वारी गच्चीवर. कोपऱ्यात पोतं अंथरलंय. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, खेळायचं तर नाहीच. थंडीने दात वाजत असतात, समोर पर्वतीवरचे दिवे, आणि मी स्वेटरवर शाल घेऊन एका कुत्रीने शू करावी म्हणून देवाला विनवत उभा. झाली की हळूच "शाब्बास" आणि थेट पिंजऱ्यात.

कुरकुर आणि आकांत यातला फरक कानाला कळायला लागतो. कुरकुर असेल तर दोन मिनिटं थांब, बहुतेक वेळा कूस बदलून झोपते. आकांत असेल तर थांबू नकोस, उठ. शू असेल, पोट बिघडलं असेल, किंवा खरंच घाबरलं असेल.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नकोस. सहाव्या रात्री मलाच उमाळा आला आणि तिला पांघरुणात घेतलं. पुढच्या तीन रात्री पिंजऱ्यात टाकलं की माझ्याकडे असं बघायची, जणू मी घराबाहेर काढलंय.

मजा आईची. आता तिचीच जुनी सुती साडी पिंजऱ्यावर असते, तीन बाजूंनी झाकलेली, पुढून वारा यायला मोकळी. परवा शेजारच्या काकूंना सांगत होती, "ही आमच्या चकलीची खोली."

अडीचला पाच कमी आहेत. पाय हलायला लागलेत बाईसाहेबांचे. गजर व्हायच्या आत उचलतो. तुझ्या पिंजऱ्याचं माप कळव, आणि आतली ती सुटी जाळी माळ्यावर टाकू नकोस.

तुझा,
सुध्या