अंकल, व्हायोलिनं सनईवर लागली!

आदरणीय अंकल,

नाव घालायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून आमच्या बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवर घातलं नाही आणि इथेही घालत नाही, जरी त्यातली व्हायोलिनं तुम्हीच सुरात आणलीत. पत्र लिहू नका असं मात्र म्हणाला नव्हतात.

तुम्ही पहिल्यांदा मिरजेला आलात ती सकाळ आठवते? महालक्ष्मी एक्सप्रेसमधून उतरलात, एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्या हातात बेबिंकाचा, म्हणजे गोव्याच्या मिठाईचा, डबा. रिक्षावाल्यानं विचारलं, "ऑर्केस्ट्रासाठी आलाय? मग किशोरकुमारची गाणी कोण म्हणतंय?" तुम्ही हसून हसून बेजार. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतलं स्टेज, चमकणारे कोट आणि फर्माईशी. सनई, संबळ, हलगी, तुणतुणं आणि त्यांच्या जोडीला आठ व्हायोलिनं आणि त्यांचे थोरले भाऊ, दोन व्हिओला, दोन चेलो, हे लोकांना समजावून सांगेपर्यंत चहा गार होतो. आता आम्ही समजावत नाही. नुसतं "बँड आहे" म्हणतो, मग लग्नाची तारीख विचारतात.

पहिल्या अल्बमची गोष्ट तुम्हाला फोनवर अर्धीच सांगितली होती. लाज वाटत होती. त्यातले व्हायोलिनचे सगळे पीस मी कॉम्प्युटरवर लिहिले होते, काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी हा सा), ४४०च्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण सुराच्या हिशेबानं, अगदी काटेकोर. आमच्या तात्यांची सनई काळी दोनला किंचित उतरलेली. बापापासून चालत आलेली नळी, तिला ४४० कोण सांगणार? स्टुडिओत ठरलं, सनई आधी एकटी वाजवून घेऊ, क्लिक, म्हणजे कानात ठोक्यांची टिकटिक लावून, आणि मग मशीनवर सूर वर ओढून घेऊ. ठरवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. सूर जुळले. स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड गेली, स्वर हलवणारी गमक गेली, दोन स्वरांच्या मधली सगळी जागा रंधा मारल्यासारखी सपाट झाली. अल्बम आला तेव्हा तात्यांनी हेडफोन लावून एक गाणं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "चांगलंय. वाजवलंय कुणी?"

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

तर माहीमला तुमच्याकडे आले ती हे घेऊन. तुम्ही दुसऱ्या अल्बमचे माझे कागद पाहिले आणि पहिलं वाक्य बोललात, "बाय, इतकं का लिवलंय? वाजवणाऱ्याला श्वास घ्यायचा असतो ना." मग पेन्सिल घेतली. हात थरथरत होता, पण काट मारताना अजिबात थरथरला नाही. चार नंबरच्या गाण्यात माझी व्हायोलिनं पहिल्या ओळीपासून होती, ती तुम्ही चौथ्या मिनिटाला आणून ठेवलीत. आधीच्या सगळ्या पानांवर फक्त रेस्ट, म्हणजे गप्प बसा. मला तेव्हा राग आला होता, हेही आज सांगून टाकते. एवढे पैसे देऊन बारा माणसं बोलवायची आणि चार मिनिटं त्यांना नुसतं बसवून ठेवायचं? आता ते गाणं लावलं की चार मिनिटं मी त्या व्हायोलिनची वाट बघत बसते.

पण खरे उपकार ओबोचे. म्हणजे ओबोच्या त्या गोष्टीचे. तुम्ही म्हणालात, जगातला कुठलाही मोठा ऑर्केस्ट्रा सुरात कसा लागतो? आधी ओबोवाला एक स्वर धरतो आणि बाकी सगळे, कितीही मोठे असोत, त्याच्यावर लागतात. आणि ओबो म्हणजे काय? दोन पत्त्यांमध्ये फुंकायचं लाकडी वाद्य. "तुमच्या तात्याचा चुलतभाऊ! भावावर शंभर माणसं लागतात, तर तात्यावर बारा लागायला काय झालं?"

इतकी वर्षं सनई आणि व्हायोलिन घेऊन बसलोय, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. सूर जुळत नाही म्हटलं की चूक सनईची, हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिचं घराणं गावातलं, व्हायोलिनचं पुस्तकातलं, म्हणून असेल.

मग तुम्ही मिरजेला आलात तेव्हा मिरजेचाच उपाय काढलात. तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत गेलो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, याचा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त आनंद. तिथून एक तंबोरा आणला. तात्यांना पंधरा मिनिटं नुसतं वाजवायला लावलंत, कारण थंड सनई खाली बोलते आणि तापली की चढते. ती जागेवर आल्यावर तंबोरा सनईवर लावला. तंबोऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा तुम्ही स्वतः नखानं सरकवत होतात, व्हायोलिनवाला माणूस! मग तुमचं व्हायोलिन तंबोऱ्यावर, आणि बाकी सगळी तुमच्यावर. मोबाइलवरचा सूर मोजणारा ट्यूनर ४४०च्या जागी ४३२ दाखवत होता. (इंटरनेटवर ४३२चा सूर दैवी म्हणून जी भक्ती चालते तिच्याशी आमचा काही संबंध नाही. तात्यांची पत्ती तेवढ्यावर बसली, इतकंच.)

रेकॉर्डिंगच्या दिवशी पुण्यात हाच प्रकार केला तेव्हा पाऊण तास गेला. तारा उतरवल्या की लगेच बसत नाहीत, परत परत सरकतात. एका चेलोची खुंटी तर थांबेचना. शिफ्टचं मीटर चालू, एसी बंद, जुलैचा दमट उकाडा, आणि मागच्या रांगेत कुजबुज, "एका सनईसाठी?" तुम्ही वळलात आणि इतकंच म्हणालात, "हो. एका सनईसाठी." पुढे कोणी बोललं नाही.

त्यात हलगीचं कातडं दमट हवेनं ढिलं पडलेलं. हलगीवाला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रद्दी पेटवून हलगी शेकत बसला आणि वॉचमन बादली घेऊन धावला. त्याला थोपवायला ऐंशीच्या घरातले तुम्ही जिना उतरून गेलात. वर आलात ते त्या वॉचमनला घेऊनच. पुढचे दोन टेक त्यानं काचेआड उभं राहून ऐकले.

क्लिक तुम्ही बंद करायला लावलंत ते आणखी एक. गोंधळाची लय चढत जाते, ती घड्याळाला बांधली की देवीसुद्धा येणार नाही. पण मग बारा माणसांनी धरायचं काय? तुम्ही सांगितलंत की याला एक इटालियन शब्द आहे, कोला पार्ते, म्हणजे मुख्य वाजवणाऱ्याच्या मागोमाग जा. पण कागदावर तो लिहिला नाहीत. प्रत्येक कॉपीवर, बाराच्या बारा, वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलंत, "संबळवाल्याच्या खांद्याकडे बघा." खरंच, दादांचा उजवा खांदा थाप पडायच्या आधी जरासा उचलतो. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं वाजवतेय, मला दिसलं नव्हतं. ते कागद मी जपून ठेवलेत. एकावर चहाचा डाग आहे, तो तुमचाच.

जेवताना तुम्ही जुन्या गोष्टी काढायचात, त्यांचेही आभार मानायला हवेत. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकवायचे आणि मग ती पोरं मुंबईत येऊन सिनेमातल्या गाण्यांचे कागद लिहायची. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांत गाणाऱ्याच्या मागे व्हायोलिनची दुसरी चाल कशी फिरवली, ते तुम्ही चमच्यानं ताटावर वाजवून दाखवलंत. १९५८मध्ये अँथनी गोन्साल्विसनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात हिंदुस्थानी रागांवरचं सिंफनी संगीत वाजवलं, तेव्हा वडिलांचं बोट धरून तुम्ही गेला होतात. आमच्या पोरांना ते नाव फक्त अमिताभच्या गाण्यातलं माहीत. ते गाणं करणाऱ्या जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन त्यांनीच शिकवलं, हे कळल्यावर पोरं जेवायची थांबली.

अल्बम आला त्या दिवशी तात्यांना पुन्हा हेडफोन दिले. चार नंबरचं गाणं. पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. चौथ्या मिनिटाला व्हायोलिनं आली तेव्हा त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली, भोकं उघडावी-मिटावी तशी. या वेळी कुणी वाजवलंय ते विचारलं नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते भांडण अजून मिटलेलं नाही. तूर्त सांगलीच्या भडंगाचे पाच पुडे धाडतेय, तिखट कमी, आंटींना सोसेल असं.

आणि तात्यांचा निरोप आहे. सनईची पत्ती बदललीय, आता सूर आधीपेक्षा चढा लागतोय. म्हणजे तंबोऱ्यापासून पुन्हा सगळं आलं. महालक्ष्मीचं तिकीट कधीचं काढू?

तुमची,
सगळ्या कागदांवर काट खाल्लेली बाय