रंगीत संगणकाचा इतिहास सर्किटासकट सांगावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

घरगुती संगणकाच्या जन्माविषयी वृत्तपत्रांतून आणि त्यांच्या पुरवण्यांतून जे लेख येतात, त्यांत ॲपल टू या यंत्राचा उल्लेख हटकून असतो. परंतु तो बहुधा गॅरेज, दोन मित्र आणि त्यांतून उभी राहिलेली अवाढव्य कंपनी एवढ्यावरच संपतो. खुद्द यंत्राविषयी ‘जगातील पहिला रंगीत संगणक’ असे एक विशेषण जोडले जाते आणि लेख पुढे सरकतो. हे विशेषण वस्तुस्थितीला धरून नाही, आणि त्याहून मोठे नुकसान असे की, त्या यंत्रात खरोखर नवे काय होते हे वाचकाला कधी कळतच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ॲपल टूमधील रंग ही नंतर चढवलेली सजावट नव्हती. ते संपूर्ण यंत्र रंगाच्या हिशेबावर बेतलेले होते. हे पटवून द्यायचे तर थोडे तांत्रिक तपशिलात शिरावे लागेल, म्हणून पत्र लांबले तरी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

आधी ‘पहिला’ या दाव्याविषयी. अल्टेअर या त्याआधीच्या संगणकात बसवण्यासाठी क्रोमेम्को कंपनीचे डॅझलर हे दोन सर्किट-बोर्डांचे रंगीत ग्राफिक्स कार्ड १९७६ मध्येच आले होते. त्याच सुमारास अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीने इंटेल ८०८० प्रोसेसरवर चालणारा आणि स्वतःचा रंगीत पडदा असलेला कॉम्प्युकलर ८००१ बाजारात आणला होता. तेव्हा पहिलेपणाचा मान ॲपल टूला देता येत नाही. त्याचे वेगळेपण दुसरीकडे आहे. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या पहिल्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये जे यंत्र मांडले गेले, त्यात कीबोर्ड, वीजपुरवठा, रॉममधील (कायमस्वरूपी मेमरीतील) बेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा आणि रंगीत चित्र काढणारे सर्किट हे सगळे एकाच प्लास्टिकच्या पेटीत होते, आणि चित्र पाहायला घरातला साधा रंगीत टीव्ही पुरत होता. त्याच वर्षी आलेले कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे दोन्ही प्रतिस्पर्धी एकरंगी होते. ४ किलोबाइट मेमरीच्या ॲपल टूची किंमत १,२९८ डॉलर, तर ४८ किलोबाइटची २,६३८ डॉलर होती. म्हणजे यंत्र स्वस्त मुळीच नव्हते. तरीही रंगासाठी त्यात कोणतीही खास बनवून घेतलेली चिप नव्हती. बाजारात कोणालाही मिळणाऱ्या साध्या टीटीएल (तार्किक जोडणीच्या) चिप्स, मॉस टेक्नॉलॉजीचा ६५०२ प्रोसेसर आणि मेमरीच्या चिप्स, एवढ्यावर सगळे भागवले होते.

हे कसे साधले, तेच खरे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेच्या त्या काळच्या एनटीएससी या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पद्धतीत रंगाची माहिती ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झच्या एका उपलहरीवर स्वार होऊन येते. पडद्यावरील प्रत्येक ओळीच्या आरंभी या लहरीचा एक छोटा नमुना पाठवला जातो, आणि नंतर येणारी लहर त्या नमुन्याच्या तुलनेत किती पुढे-मागे सरकलेली आहे, म्हणजे तिची फेज काय आहे, यावरून टीव्ही रंग ठरवतो. ही लहर विधिवत तयार करून तिची फेज बदलणारे मंडल (सर्किट) बांधायचे तर बरेच सुटे भाग लागतात. ॲपल टूचा आराखडा करणारे स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी हे मंडल बांधलेच नाही. त्यांनी संपूर्ण संगणकाचे मुख्य घड्याळ १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर (ठरावीक गतीने कंप पावणाऱ्या स्फटिकावर) चालवले. हा आकडा रंगाच्या उपलहरीच्या बरोबर चौपट आहे. त्यामुळे रंगलहरीच्या एका आवर्तनात घड्याळाचे चार ठोके बसतात, आणि या चार ठोक्यांपैकी कोणत्या ठोक्यांना संकेत चालू आणि कोणत्यांना बंद, एवढे ठरवले की टीव्ही त्याचा अर्थ रंग असाच लावतो. मेमरीतले चार बिट (प्रत्येक ० म्हणजे बंद किंवा १ म्हणजे चालू) घ्यायचे आणि ते ओळीने फिरवत पडद्याकडे पाठवायचे. चारही बंद म्हणजे काळा, चारही चालू म्हणजे पांढरा, आणि मधल्या प्रत्येक रचनेला तिचा तिचा रंग.

या युक्तीची खूण यंत्राच्या रंगपेटीतच दिसते. कमी रेझोल्यूशनच्या, म्हणजे ढोबळ चित्राच्या, प्रकारात पडद्यावर ४० गुणिले ४८ ठोकळे आणि १६ रंग मिळत, पण त्यांतले दोन करडे रंग अगदी एकसारखे दिसत. ०१०१ आणि १०१० या दोन रचनांत ठोके एकाआड एक चालू-बंद होतात, त्यामुळे रंगलहरीच्या वेगाचे असे काहीच उरत नाही आणि टीव्हीला दोन्हींत केवळ मध्यम उजेड दिसतो. वेगळे दिसणारे रंग त्यामुळे १५ च. एखाद्या यंत्राच्या रचनेचा तर्क पडद्यावर उघड्या डोळ्यांनी वाचता यावा, असे उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही.

याच घड्याळाला १४ ने भागले की प्रोसेसरचा वेग निघतो, सुमारे १.०२३ मेगाहर्ट्‌झ. पडद्याच्या एका ओळीच्या काळात प्रोसेसरची ६५ आवर्तने होतात, आणि इथेच या आराखड्यातील सर्वांत देखणी गोष्ट आहे. पासष्ट आवर्तने प्रत्येकी १४ ठोक्यांची धरली तर ९१० ठोके होतात, म्हणजे रंगलहरीची २२७ पूर्ण आणि वर अर्धे आवर्तन. हे अर्धे आवर्तन तसेच राहू दिले असते, तर प्रत्येक पुढच्या ओळीत रंगाची फेज उलटली असती आणि वरच्या ओळीत हिरवा दिसणारा ठिपका खालच्या ओळीत जांभळा झाला असता. म्हणून प्रत्येक ओळीतील एक आवर्तन दोन ठोक्यांनी लांबवलेले आहे. त्यामुळे ओळ ९१२ ठोक्यांची, म्हणजे रंगलहरीच्या बरोबर २२८ आवर्तनांची होते आणि रंग एकाखाली एक नीट उभे राहतात. लक्षात घ्यावे की, यात चित्राच्या सोयीसाठी प्रोसेसरलाही क्षणभर रेंगाळायला लावले आहे. ‘रंग हा यंत्राचा पाया होता’ असे मी म्हणतो, ते याच अर्थाने.

मेमरीची व्यवस्थाही याच काटकसरीतून आली. ६५०२ हा प्रोसेसर आपल्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागातच मेमरीला हात लावतो. उरलेल्या अर्ध्या भागात चित्राचे सर्किट तीच मेमरी वाचते, त्यामुळे मेमरीसाठी दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय डायनॅमिक रॅम या प्रकारच्या मेमरीतील माहिती टिकवायची तर ती सतत पुन्हा पुन्हा वाचत राहावी लागते. हे कामही चित्राचे वाचन होता होता आपोआप उरकते, त्याकरिता वेगळे मंडल लागत नाही. याची किंमत प्रोग्रामरांना मोजावी लागली. पडद्यावर लगतच्या दिसणाऱ्या दोन ओळी मेमरीत लगत नसतात. जास्त रेझोल्यूशनच्या चित्रात पहिल्या ओळीनंतरची दुसरी ओळ १,०२४ बाइट पुढे सापडते. पडद्यावरील प्रत्येक ओळ मेमरीत कुठे सुरू होते याचा तक्ता तयार ठेवल्याशिवाय झपाट्याने चित्र काढणे अवघड होते. काही चिप्स वाचवण्यासाठी पुढच्या हजारो प्रोग्रामरांच्या डोक्याला ताप दिला, अशी टीका करता येईल आणि ती अगदी गैरलागूही नाही. तथापि १९७७ मध्ये ते यंत्र घरच्या टेबलावर येऊ शकले, ते याच काटकसरीमुळे, असे माझे मत आहे.

जास्त रेझोल्यूशनच्या प्रकाराविषयी थोडक्यात लिहितो. त्यात २८० गुणिले १९२ ठिपके होते, पण ठिपक्याला स्वतःचा असा रंग नव्हता. सम स्तंभातला सुटा ठिपका जांभळा, विषम स्तंभातला हिरवा आणि लगतचे दोन ठिपके पेटले की पांढरा. एका बाइटमधले सात बिट ठिपक्यांसाठी होते. आठवा बिट सुरुवातीच्या बोर्डांवर वाया जात असे. नंतरच्या आवृत्तीत त्याला काम मिळाले: तो चालू असेल तर त्या सातही ठिपक्यांचा संकेत अर्ध्या ठिपक्याइतका उशिरा निघे, त्यामुळे फेज सरकून जांभळ्याचा निळा आणि हिरव्याचा नारिंगी होई. घड्याळाच्या एका ठोक्याचा हा उशीर, म्हणजे सुमारे ७० नॅनोसेकंद, आणि रंग चाराचे सहा झाले.

उणिवा झाकून गौरव करावा, असे मी सुचवत नाही. आरंभीच्या बोर्डांवर नुसता मजकूर दाखवतानाही रंगाचा नमुना-संकेत जातच असे, त्यामुळे अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसे. पुढच्या आवृत्तीत मजकुराच्या वेळी तो संकेत बंद करण्याची सोय करावी लागली. अक्षरे फक्त कॅपिटल आणि एका ओळीत ४० च. टीव्हीच्या अँटेनाला संगणक जोडण्यासाठी लागणारा मॉड्युलेटर रेडिओ-हस्तक्षेपाच्या अमेरिकी नियमांमुळे कंपनी यंत्रासोबत देत नव्हती, तो वेगळ्या विक्रेत्याकडून घ्यावा लागे. आणि सगळी युक्तीच एनटीएससीच्या आकड्यांवर उभी असल्यामुळे युरोपातल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ती चालेना. तिथे विकलेल्या युरोप्लस आवृत्तीत रंग हवा असेल, तर वेगळे कार्ड बसवावे लागे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हेही लेखांतून यायला हवे. वॉझ्नियॅक त्या काळी ह्युलेट-पॅकार्डमध्ये अभियंता होते आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब या संगणकाचा छंद असलेल्यांच्या मंडळाच्या सभांना जात. त्यापूर्वी अटारी या व्हिडिओ-खेळांच्या कंपनीच्या ब्रेकआउट या विटा फोडण्याच्या खेळाचा आराखडा त्यांनी निव्वळ चिप्सच्या जोडणीतून केला होता. तोच खेळ बेसिक भाषेत, काही ओळींच्या प्रोग्रामने, रंगीत पडद्यावर खेळता यावा ही त्यांची इच्छा होती, आणि यंत्रातल्या कितीतरी गोष्टींचे मूळ त्या इच्छेत आहे. रंग निवडण्याची, ठोकळा काढण्याची आणि आडव्या-उभ्या रेषा मारण्याची आज्ञा बेसिकमध्येच आहे. बॅट हलवण्यासाठी पॅडल, म्हणजे हाताने फिरवायच्या खुंट्या, आहेत. चेंडू आपटल्याचा आवाज यावा म्हणून छोटा स्पीकर आहे. ज्या यंत्रावर १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिसिकॅल्क हे कोष्टकात हिशेब मांडणारे सॉफ्टवेअर आले आणि हिशेबनिसांनी ज्यासाठी दुकाने गाठली, ते यंत्र एका खेळाच्या ओढीतून घडले होते.

श्रेयाच्या वाटणीविषयीही सांगायला हवे. एकट्या वॉझ्नियॅक यांचे नाव घेणे हाही अन्यायच होईल. रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा बनवला, तो इतका कमी तापे की बंद पेटीत पंख्याशिवाय भागले. पेटीचा आकार जेरी मॅनॉक यांनी घडवला. भांडवल आणि व्यवहाराची शिस्त माइक मार्क्युला यांच्याकडून आली. सामान्य माणसाला पेटी उघडून ताबडतोब वापरता येईल अशी तयार वस्तू हवी, हा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. पण जोडकार्डांसाठी दोन खाचा पुरेत असे त्यांचे मत असताना वॉझ्नियॅक आठ खाचांवर अडून बसले, हेही तितक्याच ठळकपणे छापले जावे. पुढे १९७८ मध्ये डिस्क टू ही फ्लॉपी ड्राइव्ह आली ती त्याच खाचांतून, आणि तिच्या नियंत्रक कार्डावर चिप्स होत्या अवघ्या आठ. या घराण्यातील यंत्रे १९९३ पर्यंत विकली जात होती.

एवढ्या तपशिलाला वृत्तपत्रात जागा कुठे, असा प्रश्न येईल. माझे उत्तर असे की, क्रिकेटच्या सामन्याचे षटकामागून षटक वर्णन आवडीने वाचणाऱ्या वाचकाला, नीट समजावून सांगितले तर, घड्याळाच्या चार ठोक्यांतून रंग कसा उमटतो हेही रुचेल. माहितीचा तुटवडा तर अजिबात नाही. जानेवारी १९७८ मधील ॲपल टूच्या माहितीपुस्तिकेत संपूर्ण सर्किटाची आकृती आणि रॉममधील मॉनिटर या मूळ नियंत्रक प्रोग्रामची ओळीवार यादी कंपनीनेच छापली होती, त्यामुळे लेखकाला कोणाच्या आठवणींवर विसंबावे लागत नाही. तेव्हा आपल्या विज्ञान पुरवणीत संगणकाच्या इतिहासावर यापुढे लेख येईल, त्यात निदान एक सर्किटाची आकृती असावी, ‘पहिला’ हे विशेषण तपासून वापरले जावे आणि मालकांच्या नावांसोबत यंत्र बांधणाऱ्या अभियंत्यांचीही नावे यावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक