वाइंडिंगवाल्या आप्पांना, रात्रवर्गाकडून

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

दिवसभर दुकान सांभाळून आठवड्यातून तीन रात्री तुम्ही आमच्या पोरांना वाइंडिंगचं, म्हणजे मोटरीत तारा भरण्याचं, काम शिकवायला वर्गाला येता. तोंडावर आभार मानले की हात झटकून मोकळे होता, म्हणून हे जाहीर पत्र. आभार कशाचे, तेही लोकांना कळू द्या.

शाळा सुटलेल्या पोराला कामाला लावणारे पुष्कळ आहेत. पोरगा वर्षभर पाना धरतो, चहा आणतो, पण मोटर जळाली कशाने हे त्याला कुणी सांगत नाही. तुम्ही सुरुवातच तिथून केलीत. रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यांतले जळके स्टेटर (मोटरीचा तारा भरलेला, न फिरणारा भाग) मोडीत घालण्याआधी वर्गाच्या टेबलावर येतात. मोटरीला वीज तीन फेजनी, म्हणजे तीन तारांनी येते. दोन फेजच्या कॉईली काळ्या आणि तिसरीच्या कोऱ्या, म्हणजे स्टार जोडणीची (तिन्ही फेजची एकेक टोकं एका जागी बांधलेली) मोटर एक फेज गेल्यावरही चालत राहिली. एकीच्या काळ्या, दोघींच्या बऱ्या, म्हणजे दुखणं तेच, जोडणी डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण). सगळं वाइंडिंग सारखंच भाजलं असेल तर व्होल्टेज पडलं किंवा पंप जाम झाला. एकाच कॉईलवर डाग असेल तर तारेला तार लागली, आणि बहुतेकदा ती भरतानाच खरवडलेली असते. पहिल्या तीन प्रकारांत स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (जास्त करंट ओढला की मोटर बंद करणारा) न तपासता मोटर परत दिली, तर तीच मोटर पुन्हा दारात. चौथ्यात दोष आपल्या हाताचा. हे पोरांपुढे स्पष्ट बोलणारे मिस्तरी थोडे.

“पह्यले मोज, मंग खोल” आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय. जुनं वाइंडिंग कापण्याआधी स्लॉट (तार भरायच्या खाचा), पिच (कॉईलच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर), फेरे, तारेचा जाडीचा नंबर, जोडीला एकत्र किती तारा आणि जोडणीचं चित्र, एवढं वहीत उतरलंच पाहिजे. तार मोजताना इनॅमल (तारेवरचा रोगणी थर) जाळून पुसून घ्यायचं, नाहीतर माप जाड येतं आणि नंबर चुकतो.

पण सगळ्यात मोठं देणं गणिताचं. वर्गमूळ म्हटलं की खिडकीबाहेर बघणारी पोरं ३६ स्लॉटच्या स्टेटरवर खडूने खुणा करतात. पोल (चुंबकाची टोकं) ४, म्हणजे पोलमागे ९ स्लॉट, तीन फेजना वाटून प्रत्येकी ३. एका पोलचे विद्युत अंश १८०, म्हणून एका स्लॉटचे २०, आणि पुढची फेज १२० अंशांवर, म्हणजे ६ स्लॉट पुढे. मग तुमचा ठरलेला सापळा: १९ नंबरची तार संपलीय, जाडी १.०१६ मिलिमीटर, २५ नंबरची आहे, बरोबर निम्मी, ०.५०८. किती तारा जोडीला घ्यायच्या? जवळजवळ प्रत्येक जण “दोन” म्हणतो. तुम्ही “चूक” म्हणत नाही. कागदावर एक मोठं वर्तुळ आणि त्यात निम्म्या व्यासाची दोन काढायला लावता, की उरलेली जागा डोळ्यांनाच दिसते. क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने बदलतं, म्हणून तारा चार. दोनातच भागवायचं तर २२ नंबरची, ०.७११ ची, तिथे वर्गांची बेरीज १.०१ येते, हवी १.०३, चालतं. फळ्यावर हा धडा आम्हाला असा कधी जमला नव्हता.

वार्निशची घाई तुम्ही मोडलीत, तेही बरं झालं. आधी वाइंडिंग तापवून ओल काढायची, मग वार्निश, मग पुन्हा भट्टी. ओल आत राहिली तर वार्निश तिला कोंडूनच ठेवतं. मे महिन्यात जळगावचं ऊन ४५ ला टेकतं, पण त्यात पापड वाळतात, वाइंडिंग नाही. (पाण्यातल्या सबमर्सिबलची प्लास्टिक वेष्टनाची तार वेगळी, तिला हे काही नाही.) शेवटी ५०० व्होल्टचा मेगर (तारेचं वेष्टन धड आहे का ते मोजणारं यंत्र): बॉडीशी माप १ मेगोहमच्या खाली असेल तर मोटर दुकानाबाहेर जात नाही, नव्या वाइंडिंगचं तर कितीतरी वर हवं.

आणि कागदांचं. शाळेचा दाखला आणल्याशिवाय मेगरला हात नाही, हा नियम तुमचाच. त्यामुळे आमचं निम्मं काम हलकं झालं. दहावीला कधी बसलेच नाहीत त्यांना १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म. बसून नापास झालेल्यांनी तो भरायचा नाही, त्यांनी पुनर्परीक्षार्थी म्हणून जुन्या शाळेतूनच जायचं. इथे दर वर्षी गोंधळ होतो. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की धावपळ होते, आणि मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. आयटीआयला वायरमनसाठी आठवी पास चालते, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, हेही तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगून त्यांची पोरं इकडे धाडता.

उन्हाळ्यात केळीला पाणी आणि मोटरींना आग, तेव्हा तुम्हाला सवड नसणार. पोरंच दोघं-दोघं दुकानावर येतील. तुमचे पाच एचपीचे दोन स्टेटर वर्गात आहेत. मोजून झालेत, कापलेले नाहीत.

आपले,
तापीकाठच्या रात्रवर्गाचे शिक्षक